कासवाच्या पाठीचे पापुद्रे निघताहेत, कृपया लवकर सांगा

मधुमालती_पुणे
कालपासून आमच्या कासवाच्या पाठीचे पापुद्रे निघताहेत. आज सकाळी दोन पाण्यावर तरंगत होते. मुलगा रडतोय, दुकानदार फोन उचलत नाही. काय लावायचं तेवढं सांगा.

पाणवठा
ताई, कुठलं कासव? केवढं? पाण्याबाहेर बसायला जागा आहे का? खायला काय देता? निघालेला पापुद्रा हातात घेऊन बघा, कसा दिसतो?

आबा_राजापूर
खोबरेल तेलात हळद कालवून चोळा. आमच्या विहिरीत कासव होतं, त्याला कधी काही झालं नाही.

पाणवठा
आबा, तेल नको. तेलाखाली घाण धरून राहते आणि पाण्यावर तवंग येतो तो वेगळाच.

आबा_राजापूर
हळदीने कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही.

मधुमालती_पुणे
भांडू नका हो. कासव दुकानात मिळतं तेच, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं. दोन वर्षांचं, तळहाताएवढं. दीड फुटाची काचेची टाकी, तळाला गोटे. खिडकीतच ठेवलंय, त्यामुळे ऊन मिळतं. खायला पाकिटातली सुकी कोळंबी. पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा आहे, आरपार दिसतो.

वनराई
लाल पट्टा असेल तर ठीक. देशी कासव घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे, म्हणून सगळ्यांसाठी लिहून ठेवते.

पाणवठा
मग हे रेड इअर्ड स्लायडर, मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. ते वाढतं तसे पाठीवरच्या चौकटींचे पातळ थर सुटतात. पापुद्रा पातळ, अख्खा आणि खालचं कवच टणक, गुळगुळीत असेल तर घाबरू नका. स्वतः सोलू मात्र नका, खालचा थर तयार नसेल तर जखम होते.

आता उन्हाचं. खिडकीची काच बंद असेल तर उजेड येतो, पण कवचाला लागणारे उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण काच जवळजवळ सगळे अडवते. ते मिळाले नाहीत तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, मग खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा मिळतो, तो लावा. शिवाय अंग पूर्ण कोरडं होईल अशी बसायची जागा हवी, तिथे साधारण 32 अंश. नुसती सुकी कोळंबी म्हणजे आपण रोज फक्त चुरमुरे खाण्यासारखं. कासवाचं गोळीखाद्य आणि थोडा हिरवा पाला सुरू करा. कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा, म्हणजे माकुळाच्या हाडाचा, तुकडा पाण्यात टाकून ठेवा, पक्ष्यांच्या दुकानात मिळतो.

शुभलाभ
टाकी उत्तरेला आहे ना? कासवाचं तोंड घराच्या आत हवं.

आबा_राजापूर
एवढे दिवे लावण्यापेक्षा तळ्यात सोडा. पुण्य लागेल.

वनराई
कृपा करून सोडू नका! हे परदेशी कासव आपल्या तळ्यांत देशी कासवांची जागा आणि खाणं बळकावतं.

सागरवेळा
कासवांचा विषय निघालाच आहे तर कोकणातल्या वेळासला एकदा जाऊन या. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना बघून माझी लेक तासभर बोललीच नाही.

पाणवठा
मधुमालतीताई, पोटाकडची बाजू पाहिलीत का? गोटे टोचून तिथे खरचटतं. नखाने हलकेच दाबून बघा. वासही घ्या.

मधुमालती_पुणे
आत्ता उलटं धरून पाहिलं. मागच्या पायाजवळ तुरीच्या डाळीएवढा गुलाबी डाग आहे. दाबला की दबतो. वास येतोय, मला वाटलं पाण्याचाच असेल. पाठ टणक आहे. सारखी पाठच बघत बसले मी.

पाणवठा
हे पापुद्र्यांचं नाही, कवच कुजायची सुरुवात असू शकते. उद्याच सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. तोवर काही लावू नका, कोरड्या उबदार जागेत ठेवा, दिवसातून थोडा वेळ स्वच्छ पाण्यात सोडा म्हणजे पाणी पिईल. हाताळल्यावर मुलाचे हात साबणाने धुवा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

मधुमालती_पुणे
जाऊन आले. डॉक्टरांनी डाग खरवडून साफ केला, खाली हाड शाबूत आहे. पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावायचं, दहा दिवस बहुतेक वेळ कोरडं ठेवायचं. गोटे काढले. टाकीत वीट ठेवली आहे, दिवा उद्या येईल. पाठीचे पापुद्रे आपोआप पडतील म्हणाले. मुलाने ते दोन वहीत चिकटवलेत.

आबा_राजापूर
बरं झालं. वीट आधी दोन दिवस पाण्यात भिजवून धुऊन घे हो, भुकटी सुटते.