७२० ओहमचा रेझिस्टर बाजारात का मिळत नाही?

ब्रेडबोर्ड:
नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्टसाठी एलएम३१७ (व्होल्टेज स्थिर ठेवणारा आयसी) वापरून ५ व्होल्टचा सप्लाय करतोय, त्यावर ७४एलएस मालिकेतले आयसी चालवायचे आहेत. आउटपुट दोन रेझिस्टरवर ठरतं, आर१ आणि आर२. सूत्र लावलं: १.२५ × (१ + आर२/आर१). आर१ २४० ओहम धरला की आर२ बरोबर ७२० येतो. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत फिरलो तर सगळीकडे एकच उत्तर, "७२० येतच नाही. ६८० घे, नाहीतर ७५०." ५ के (५००० ओहम) मागितला तर ४.७ के पुढे केला. हे ४७, ६८, ८२ असले आकडे कुणी आणि कशावरून ठरवले? ५०, ७०, ८० असे सरळ आकडे का नाहीत? आणि मी आता काय लावू?

प्रीसेट_वाला:
१ के चा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा बदलता रेझिस्टर) लाव, मीटर बघत ५ व्होल्टवर आण आणि नेलपॉलिशचा थेंब टाकून पक्का कर. विषय संपला.

सौदामिनी:
या सर्किटमध्ये प्रीसेटला माझा विरोध आहे. त्याचा सरकता संपर्क धुळीने, ओलाव्याने कधीतरी सुटतो. आर२ उघडा पडला की एलएम३१७ चं आउटपुट इनपुटच्या जवळ जाऊन बसतं आणि पुढचे सगळे आयसी एका झटक्यात जातात. मधली पिन एका टोकाला जोडून ठेवली तरी संपर्क सुटल्यावर पूर्ण १ के मध्ये येतो आणि आउटपुट साडेसहा व्होल्टच्या आसपास जातं. तेही ७४एलएसच्या मर्यादेबाहेर आहे.

आता मूळ प्रश्न. भोसरीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं टेस्टिंग आणि नंतर परचेस सांभाळलं, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. जरा सविस्तर लिहिते.

रेझिस्टरचा टॉलरन्स टक्क्यांत असतो, सगळं तिथून सुरू होतं. १० टक्केवाला १० ओहमचा नग प्रत्यक्षात ९ ते ११ मध्ये कुठेही निघू शकतो, १०० चा ९० ते ११० मध्ये. आता तू म्हणतोस तसे १०, २०, ३० असे ९० पर्यंत सरळ आकडे घेऊन बघ. १० चा पट्टा ११ ला संपतो आणि २० चा १८ ला सुरू होतो, मधे मोठं भोक. वरच्या बाजूला ८० चा पट्टा ७२ ते ८८ आणि ९० चा ८१ ते ९९, दोघे एकमेकांवर चढलेले. खाली टंचाई आणि वर गर्दी.

म्हणून पायऱ्या गुणाकाराने चढवल्या. १० ते १०० हे अंतर १२ सारख्या पटींत वाटलं की दर पायरी साधारण १.२१ पट होते: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. ही ई-१२ मालिका. १० टक्क्यांचे पट्टे काढ. १५ चा १३.५ ते १६.५, १८ चा १६.२ ते १९.८, २२ चा १९.८ ते २४.२. एक संपतो तिथे दुसरा सुरू होतो. जुन्या कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरच्या काळात हवी ती व्हॅल्यू नेमकी बनवणं अवघड होतं, तयार माल मोजून वेगळा करावा लागे. या मांडणीत जवळजवळ प्रत्येक नग कुठल्या ना कुठल्या व्हॅल्यूत बसतो, टाकून द्यायला फारसं काही उरत नाही. २० टक्क्यांना ई-६ पुरते, ५ टक्क्यांना ई-२४ लागते, १ टक्क्याला ई-९६. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर बहुतेक वेळा १०, २२, ४७ वरच भागवतात.

आता तुझं सर्किट. आधी डेटाशीट उघड. एलएम३१७ चा १.२५ व्होल्ट हा संदर्भ स्वतःच १.२० ते १.३० मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे नेमका ७२० मिळाला तरी आउटपुट ४.८ ते ५.२. त्यात दोन्ही रेझिस्टर ५ टक्केवाले घेतलेस आणि एक वर, एक खाली गेला, तर चिप अगदी बरोबर असूनही ५.३९ येऊ शकतात. ७४एलएसची मर्यादा ४.७५ ते ५.२५. तेव्हा तुझा खरा शत्रू ७२० न मिळणं हा नाही, ५ टक्के टॉलरन्स हा आहे. १ टक्केवाले मेटल फिल्म घे. ते ई-२४ च्या व्हॅल्यूंतही सर्रास मिळतात.

आर२ च्या जागी ६८० आणि ३९ सिरीजमध्ये लाव: ७१९. हिशेबाने ४.९९५ व्होल्ट. अॅडजस्ट पिनमधून सुमारे ५० मायक्रोअँपिअर येतात, त्यांचे ०.०४ व्होल्ट धर, म्हणजे ५.०३. किंवा ३६० चे दोन सिरीजमध्ये, बरोबर ७२०. २४० नसेल तर १२० चे दोन. नुसता ७५० लावलास तर ५.१६ पासून सुरुवात होते, चिप वरच्या टोकाची निघाली तर ५.३६. तो नको. आणि आउटपुटवर ३३० ओहममधून एक लाल एलईडी ठेव. एलएम३१७ ला नीट नियमन करायला १० मिलिअँपिअरपर्यंत किमान लोड लागू शकतो, २४० मधून जेमतेम ५ जातात. उरलेले एलईडी घेईल.

५ के चंही तसंच. १० के चे दोन पॅरलल, झाले ५ के. पण पुलअपसाठी (पिन सप्लायच्या व्होल्टेजला ओढून धरायला) हवा असेल तर ४.७ के लाव आणि पुढे जा.

ब्रेडबोर्ड:
ताई, खूप आभार. ६८० + ३९ च करतो. पण एक शंका. कॅल्क्युलेटरवर १० चं बारावं मूळ काढलं, १.२११५ आलं. त्याने गुणत गेलो तर सहाव्या पायरीला ३१.६ येतं, म्हणजे ३२ हवं. यादीत ३३ आहे. २६ च्या जागी २७, ३८ ला ३९, ४६ ला ४७, आणि ८३ हवं तिथे ८२. माझं काही चुकतंय का?

सौदामिनी:
तुझं गणित बरोबर आहे, आणि हा प्रश्न तू स्वतः हिशेब करून विचारलास याचा मला फार आनंद झाला. यादीतले आकडेच सूत्रापासून सरकलेले आहेत. पट्टे लावून बघ. २७ चं वरचं टोक २९.७ आणि ३३ चं खालचं टोकही २९.७. सूत्राप्रमाणे २६ आणि ३२ घेतले तर २८.६ आणि २८.८, मधे बारीक फट राहते. २० टक्क्यांच्या ई-६ मध्ये २२ नंतर ३३ येतो, तिथेही २२ चं वरचं टोक २६.४, ३३ चं खालचं २६.४.

गुणोत्तराच्या पायऱ्यांची कल्पना रेडिओच्या आधीची आहे. १८७० च्या दशकात फ्रेंच सैन्यातले अभियंते शार्ल रनार यांनी बलूनच्या दोरांचे ४२५ प्रकार याच युक्तीने १७ वर आणले. त्यांच्या मालिकेत एका दशकात (म्हणजे दहापट अंतरात, जसं १० ते १००) ५, १०, २० अशा पायऱ्या असतात. १९४८ मध्ये स्टॉकहोमला आयईसीची (विद्युत क्षेत्रातली मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) समिती बसली तेव्हा रनारच्याच मालिका घ्याव्यात अशी तिची इच्छा होती. पण काही देशांतल्या कारखान्यांत १२ पायऱ्यांची पद्धत तोवर इतकी रुळली होती की बदलणं शक्य नव्हतं. १९५० मध्ये पॅरिसला तीच स्वीकारली गेली आणि १९५२ मध्ये मानक छापून आलं. आज ते आयईसी ६००६३ या क्रमांकाने ओळखलं जातं. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. रुळलेला माल मोडीत काढून सूत्र साजरं करण्यात कुणाचंच भलं नव्हतं.

ई-९६ मध्ये मात्र तुझे आकडे सापडतील: २६१, ३१६, ३८३, ४६४, ८२५. म्हणूनच तिथे ४.७ के नाही, ४.६४ आणि ४.७५ आहेत. ५ के च्या जवळचा ४.९९ के.

खरखर_कोल्हापूर:
सौदामिनीताईंनी सगळं मांडलंयच, रिपेअरिंगच्या टेबलावरून एक भर घालतो. ही यादी पाठ असेल तर रेझिस्टरवरच्या, व्हॅल्यू सांगणाऱ्या रंगीत पट्ट्या जळक्या असल्या तरी वाचता येतात. जुन्या अँप्लिफायरमध्ये तापून पट्ट्या काळवंडतात, लाल आणि नारिंगीत फरक कळत नाही. नारिंगी-जांभळा असं वाटलं तर ३७ होतात, आणि चार पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये ३७ येत नाही. मग तो लाल-जांभळा, २७. कुठल्या टोकाने वाचायचं हे कळत नसेल तरी हाच उपाय, उलट वाचल्यावर बहुतेक वेळा यादीबाहेरचा आकडा येतो. पाच पट्ट्यांना मात्र हे लावू नका, तिथे ३७४ आहे.

जुना कार्बन कॉम्पोझिशनचा नग मीटरवर भलता आकडा दाखवत असेल तर मूळ व्हॅल्यूसाठी पट्ट्यांवर विश्वास ठेवा. असे रेझिस्टर वर्षानुवर्षं व्हॅल्यू वाढवत जातात. आणि मोजताना एक पाय सोडवून मोजा.

ब्रेडबोर्ड:
हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. शेवटचं विचारतो, घरी कायम ठेवायला कुठल्या व्हॅल्यू घेऊ?

सौदामिनी:
पाव वॅट, १ टक्का, ई-१२, १० ओहमपासून १ मेगपर्यंत. पाच दशकं, एकूण ६१ व्हॅल्यू. प्रत्येकी दहा-वीस पुरेत, पण १ के, ४.७ के, १० के, २२०, ३३० आणि १०० के शंभराच्या पट्टीने घे, तेच सगळ्यात आधी संपतात. ई-२४ च्या मधल्या व्हॅल्यू लागतील तेव्हा आण.

डिझाइन करतानाही एकेका व्हॅल्यूला जपून हात घाल. एका बोर्डावर ४.७ के, ५.१ के आणि ५.६ के तिन्ही दिसले की मी डिझायनरला विचारायचे, तिघांचं काम ४.७ के वर भागेल का? पिक-अँड-प्लेस (बोर्डावर भाग बसवणाऱ्या) मशीनवर प्रत्येक व्हॅल्यूला स्वतंत्र फीडर लागतो, रीळ वेगळं, स्टोअरमध्ये नोंद वेगळी, आणि त्यातलं एक रीळ संपलं तरी पूर्ण लाइन थांबते. टायमिंग आणि फीडबॅकचे रेझिस्टर आधी ठरव. पुलअप, एलईडी, ट्रान्झिस्टरच्या बेसचे रेझिस्टर मग त्याच व्हॅल्यूंत बसवता येतात.