डेकचा रंग राहू दे, आधी भिंत बघ

विषय: मागच्या अंगणात डेक, सल्ला हवा
मृणाल, नेपरव्हिल (शिकागोजवळ)

नमस्कार मंडळी,

आधीच्या मालकांनी 1996 मध्ये बांधलेला आमचा डेक, म्हणजे मागच्या दाराबाहेरचा लाकडी ओटा, पार कुजलाय. पायऱ्या हलतात, म्हणून मुलांना तिकडे फिरकायला बंदी केली आहे. या उन्हाळ्यात नवा करायचाय, 12 बाय 16 फुटांचा. एक कॉन्ट्रॅक्टर येऊन रंगांचे नमुने दाखवून गेला. त्याचं म्हणणं, विटांच्या भिंतीला बोल्ट मारून डेक टांगू, परमिटची भानगड नको, शनिवार-रविवारात काम उरकतो. मागचं दार जमिनीपासून 34 इंच वर आहे. यंदा कोजागिरी आमच्याकडे आहे, चाळीसेक माणसं सहज होतील.

वरच्या फळ्या कंपोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) घ्याव्यात की लाकडाच्या? अनुभवी मंडळींनी कृपया कळवावं.

उत्तर: मागच्या अंगणात डेक
बापूकाका, शॉम्बर्ग

चि. मृणाल,

कंपोझिट की लाकूड, हे सगळ्यात शेवटी. आधी त्या कॉन्ट्रॅक्टरला नारळ दे.

आपल्या भागातल्या बहुतेक घरांच्या विटा म्हणजे भिंत नव्हे. भार घेणारी भिंत आत, लाकडाची. बाहेर विटांचा एकपदरी थर आणि दोन्हींमध्ये इंचभर पोकळी. तो थर स्वतःचं वजन पेलतो, बस. त्यावर डेकची लेजर बोर्ड, म्हणजे घराला जोडायची आडवी फळी, टेकवायला निवासी कोडमध्ये, म्हणजे घरबांधणीच्या नियमांत, सरळ मनाई आहे. जुना डेक तसाच टांगलेला असेल तर तो इतकी वर्षं टिकला हे नशीब समज.

आता तुझ्या कोजागिरीचा हिशेब. 12 गुणिले 16 म्हणजे 192 चौरस फूट. कोड दर चौरस फुटाला 40 पौंड माणसा-सामानाचा भार धरतो, म्हणजे 7,680 पौंड. चाळीस माणसं सरासरी 160 पौंडांची धरली तर 6,400. म्हणजे नीट बांधलेला डेक मसाला दुधाच्या पातेल्यासकट सगळ्यांना पेलेल. पण डेक घराला टांगला, तर यातला जवळजवळ निम्मा भार घराकडच्या बोल्टांवर येतो, आणि तुझा माणूस ते बोल्ट विटांत मारणार! शिकागोच्या लिंकन पार्कमध्ये 29 जून 2003 च्या रात्री पार्टी चालू असताना मागचे पोर्च कोसळले आणि 13 तरुण मुलंमुली गेली. ते काम विनापरवाना आणि नियम डावलून झाल्याचा आरोप शहराने मालकावर केला होता. परमिटला भानगड म्हणणाऱ्यांना मी हे हटकून सांगतो.

तुझ्या घराला स्वतःच्या पायांवर उभा राहणारा डेक हवा. घराच्या बाजूलाही खांब आणि बीम द्यायचा, भिंतीला काहीच जोडायचं नाही. खर्च थोडा वाढतो, पण भिंतीला भोकं पडत नाहीत आणि पाणी आत मुरायचा प्रश्नच मिटतो. डेक झुलू नये म्हणून खांब आणि बीमच्या कोनात तिरके आधार मात्र हवेत.

खांबांच्या पायांबद्दल: आपल्याकडे थंडीत जमीन गोठते, म्हणून फुटिंगचा, म्हणजे खांबाखालच्या काँक्रीटच्या पायाचा, तळ 42 इंचांखाली न्यावा लागतो. वर राहिला तर गोठलेली माती फुगून खांब उचलते आणि दोन हिवाळ्यांत डेक वाकडा होतो. घरालगत आणखी एक मेख आहे. बेसमेंट खणून झाल्यावर भिंतीभोवती जी माती परत लोटलेली असते ती भुसभुशीत. तिच्यावर फुटिंग बसवलं तर खचणार. तिथे मूळ, न हललेली माती लागेपर्यंत खाली जायचं, नाहीतर बीम भिंतीपासून दोनेक फूट बाहेर घेऊन जॉइस्ट, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या कड्या, घराकडे पुढे काढायचे.

उंचीचं बघ. डेक जमिनीपासून 30 इंचांहून उंच झाला की 36 इंचांचं रेलिंग सक्तीचं, आणि त्याच्या गजांमधून 4 इंचांचा चेंडू जाता कामा नये. डेक दाराच्या उंबऱ्यापासून एक पायरी, म्हणजे 7 इंच, खाली घेतलास तर उंची 27 वर येते, शिवाय बर्फ दाराला येऊन भिडत नाही. पण उंची फक्त कडेखाली मोजत नाहीत, कडेपासून बाहेर 3 फुटांपर्यंत जिथे जमीन सर्वांत खोल तिथे मोजतात. तुझं अंगण मागे उतरतं, असं मला आठवतं. मोजून कळव. तसंही घरात लहान मुलं आहेत, मी तर रेलिंग लावच म्हणेन.

बापूकाका

उत्तर: मागच्या अंगणात डेक
शिल्पा, ऑरोरा

काकांनी पाया घातला, मी वरच्या फळ्यांचं सांगते.

आमचा कंपोझिट आहे, गडद राखाडी. दिसायला झकास, रंगरंगोटीची कटकट नाही, कुसळं लागत नाहीत. पण गेल्या जुलैत सासूबाई अनवाणी साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालायला गेल्या आणि उड्या मारतच आत आल्या. दुपारचं ऊन असेल तर फिका रंग घे, नाहीतर लाकूडच बरं. लाकडाला मात्र दर दोन-तीन वर्षांनी स्टेन मारावा लागतो, आणि तो मारायला घरात कुणी तयार नसतं हे आधीच गृहीत धर.

फळ्या तिरप्या टाकायच्या असतील तर जॉइस्ट 16 ऐवजी 12 इंचांवर लागतात. हे आम्हाला कोटेशन आल्यावर कळलं!

सिमेंटचं तुळशी वृंदावन ठेवणार असशील तर मधोमध नको, बीमवर येईल असं ठेव. आणि तुळस कुंडीतच राहू दे, ऑक्टोबरात आत न्यावीच लागते.

उत्तर: मागच्या अंगणात डेक
मृणाल, नेपरव्हिल

काका, शिल्पाताई, मनापासून आभार. मोजलं. कडेपासून 3 फुटांवर 33 इंच भरतात, म्हणजे रेलिंग आलंच. त्या माणसाला नाही म्हणून कळवलं.

एक शंका: जुन्या डेकची लाकडं बरीच निघतील. मंडळाच्या होळीला आणू का?

उत्तर: मागच्या अंगणात डेक
बापूकाका, शॉम्बर्ग

अजिबात नको! 2003 संपेपर्यंत इथे घरगुती कामाच्या प्रेशर ट्रीटेड लाकडात सर्रास क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असे. 1996 चा डेक त्यातलाच धर. ते जाळलं की आर्सेनिक धुरात आणि राखेत येतं. होळीत नको, शेकोटीत नको, चुलीत तर नकोच. भाजीचे वाफेही त्याचे करू नकोस. कापताना मास्क लाव, भुसा गोळा कर आणि कचरा नेणाऱ्यांना विचारून टाक. आताच्या लाकडात आर्सेनिक नसतं, पण तांबं जास्त असतं आणि ते साधे खिळे खाऊन टाकतं. म्हणून हँगर (जॉइस्ट धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि स्क्रू जाड गॅल्व्हनाइजचे किंवा स्टेनलेसचेच घे.

खड्डे खणण्याच्या बरेच दिवस आधी 811 ला फोन लाव. इलिनॉयमध्ये तो जुली (JULIE) या जमिनीखालच्या लाइनी दाखवून देणाऱ्या संस्थेकडे जातो. ते फुकटात येऊन गॅसला पिवळ्या, विजेला लाल खुणा करून जातात. पण मीटरच्या पुढे तुम्ही स्वतः टाकलेली ग्रिलची गॅसलाइन किंवा स्प्रिंकलरचे पाइप ते दाखवत नाहीत. ते तुमचे तुम्ही शोधायचे. खड्डे खणले की लगेच काँक्रीट ओतू देऊ नकोस. इन्स्पेक्टर आधी रिकामे खड्डे बघतो.

परमिटच्या अर्जाला घराच्या प्लॅटवर, म्हणजे जागेच्या मोजणी-नकाशावर, डेक काढून द्यावा लागेल. प्लॅटवर ईझमेंटची (वीज, पाणी अशा लाइनींसाठी राखलेल्या पट्ट्याची) तुटक रेघ असते, ती ओलांडू नकोस. सोसायटी असेल तर तिची मंजुरीही आत्ताच माग. कच्चं रेखाटन मला पाठव, मापं फूट-इंचांत. रविवारी सकाळी फोन कर, पण चहा झाल्यावर.

बापूकाका