विषय: पेटीला कीड लागलीय, फ्रीझर हवा आहे, तातडीचं

सुमेधा, बुधवार सकाळ

मंडळी,

काल रात्री पेटी उघडली. हिरवी शाल, दोन रेशमी साड्या आणि वकिलाचा काळा लोकरी कोट यांना भोकं पडली आहेत. कोटाच्या कॉलरची तर चाळणच झालीय. तळाशी तपकिरी, केसाळ अळ्या आणि त्यांच्या रिकाम्या काती सापडल्या. रंगीत तालीम पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी आहे.

पेटी दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावी लागेल. कुणाकडे मोठा फ्रीझर रिकामा आहे का? कृपया तेवढ्याचंच उत्तर द्या. कुणाचा दोष वगैरे विषय आत्ता नको.

सुमेधा

शरद, बुधवार सकाळ

पेटी फ्रीझरमध्ये?? कुणी ठरवलं हे? सूर उतरतील, भाता कडक होईल, लाकूड आणि सरस दोन्ही संपतील. मला न विचारता पेटीला हात लावायचा नाही असं मागच्या बैठकीतच ठरलंय.

शरद

सुमेधा, बुधवार सकाळ

शरददादा, कपड्यांची पेटी. वाजवायची नाही.

अप्पा, बुधवार दुपार

सुमेधाने 'दोष नको' असं लिहिलं म्हणजे दोष कुणाला द्यायचा ते सगळ्यांना कळलंच. पेटी माझ्याकडे असते. तीन वर्षं आहे. मी नेमाने डांबराच्या गोळ्या टाकत आलोय, वास येत असेल तर विचारा. ही साधी कसर आहे. दोन दिवस ऊन दाखवा, झटका, इस्त्री फिरवा, की झालं. रेशीम गोठवण्याचा प्रकार मी तरी ऐकलेला नाही. आणि किल्ली माझ्याकडे असताना काल पेटी उघडली कशी, हेही कुणीतरी सांगावं.

अप्पा

वैशाली, बुधवार दुपार

अप्पा, ही कसर नाही. कपड्यांच्या पतंगाची अळी असती तर रेशमासारखं जाळं किंवा नळकांडी दिसली असती. जाळं नाही, केसाळ काती पडल्यात, म्हणजे कार्पेट बीटल. नाव गालिच्याचं असलं तरी लोकर, रेशीम, पिसं, चामडं, केस, मेलेले किडे असं प्राणिज काहीही त्यांना चालतं.

आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय म्हणून जरा लांबण लावते. आधी माझ्या हातांवर पुरळ आलं. आम्ही दोघांनीही ढेकूणच धरले. गाद्या उलट्या केल्या, एक तर चक्क फेकून दिली. ढेकूण एकही मिळाला नाही. नंतर खिडकीच्या कठड्यावर २-३ मिलिमीटरचे गोल, ठिपकेदार किडे मेलेले दिसले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हे किडे चावत नाहीत. अळीच्या अंगावरचे बारीक केस सुटतात आणि काहींच्या कातडीला ते सोसत नाहीत. मोठा किडा कपडे खातच नाही, तो फुलांवर पराग खायला जातो आणि म्हणून उजेडाकडे, खिडकीत सापडतो. खाते ती अळी. ती अंधारात, घडीच्या आत बसते, आणि अळीचीच अवस्था कधी कधी दोन वर्षं चालते. त्यामुळे 'परवा तर बरं होतं' याला काही अर्थ नसतो.

आमचं मूळ शेवटी छताजवळच्या झरोक्यात निघालं. तिथे पक्ष्याचं जुनं घरटं होतं. ते काढेपर्यंत कपाट तीन वेळा धुऊन काढलं होतं, सगळं वाया. तेव्हा अप्पा, पेटी जिथे ठेवता त्या खोलीत वर एकदा बघा. रागावू नका.

वैशाली

मंदाकाकू, बुधवार दुपार

वैशाली, पुरळाला काय लावलंस ते मला वेगळं कळव गं. आणि डांबराच्या गोळ्यांचे कपडे तान्ह्या बाळाजवळ नेऊ नका. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात. धाकटीच्या वेळी डॉक्टरांनी बजावलं होतं. नाटकात बाळ आहे ना या वेळी?

मंदाकाकू

निखिल, बुधवार दुपार

नाटकात बाहुली आहे, काकू.

गोळ्यांबद्दल: वाफ कोंडली तरच त्या काम करतात. आपल्या पेटीचा मागचा कोपरा उचकटलेला आहे, बोट आत जातं. तिथून वाफ बाहेर आणि किडे आत. लव्हेंडर, देवदाराच्या फळ्या, कडुलिंबाचा पाला यांनी वास छान येईल, पण आत बसलेली अळी त्यांना भीक घालणार नाही.

आणखी एक. अप्पा, आधीच्या गोळ्या संपल्यावर दुसऱ्या आणल्या होत्या का? एक नॅफ्थलिनच्या असतात, एक पॅराडायक्लोरोबेंझिनच्या. दोन्ही एकत्र आल्या की वितळून तेलकट होतात. जांभळ्या साडीवरचा 'तो' डाग, ज्यावरून आपण मेकअपवाल्यांना वर्षभर बोल लावतोय, तो कदाचित त्याचाच असेल.

निखिल

वैशाली, बुधवार संध्याकाळ

डागाबद्दल मी तेव्हाच सांगितलं होतं. मेकअप मी करत होते. बाकी चालू द्या.

सुमेधा, बुधवार संध्याकाळ

फ्रीझर?

घरचा फ्रीझर उणे १८ अंशांवर असेल तर दोन आठवडे लागतात. उद्या गुरुवारी आत गेले तर दोन आठवड्यांनी गुरुवारी बाहेर. मग आणखी एक दिवस पिशव्या न उघडता घरात ठेवायच्या, नाहीतर गार कापडावर दव धरून जरीला पाणी लागेल. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी तालमीला बरोब्बर हातात. आजची रात्र गेली की हिशोब कोलमडला. अप्पा, उन्हाने नुसत्या वरवरच्या अळ्या सावलीत पळतात आणि रेशमाचा रंग उडतो. मारायला ५५ अंशांच्या आसपासची उष्णता कापडाच्या आतपर्यंत पोचायला हवी, ती साड्यांना द्यायची माझी हिंमत नाही.

निखिल, बुधवार संध्याकाळ

सगळी पेटी गोठवायची गरजच नाही. सुती सतरंज्या, पॉलिएस्टरचे झगे, नायलॉनच्या ओढण्या बाजूला काढा. ते धागे अळीला पचत नाहीत, घामाचे किंवा खाण्याचे डाग असतील तेवढीच जागा कुरतडते. ते गरम पाण्याने धुऊन टाकू. उरलं रेशीम, लोकर आणि फेट्यावरचा पिसांचा तुरा. कोट आणि शाल ड्रायक्लीनला द्या, त्यात अंड्यांसकट सगळं मरतं. म्हणजे फ्रीझरला राहिल्या अकरा साड्या आणि तुरा. दोन साध्या फ्रीझरमध्ये मावतील. पिशव्या प्लॅस्टिकच्या, हवा काढून घट्ट बंद, आणि खच्चून कोंबू नका, मध्यापर्यंत गारठा पोचला पाहिजे.

रिकाम्या पेटीच्या सांध्यांतून व्हॅक्यूमचं टोक फिरवा आणि धुळीची पिशवी लगेच घराबाहेर. अंडी तिथेच असतात.

शरद, बुधवार रात्र

एक विचारायचं होतं. माझी पेटी (वाजवायची) त्याच खोलीत अप्पांकडे दोन महिने होती. तेव्हापासून कोमल गंधार दाबला नसतानाही बारीक सूर लावून बसतो. मी दमट हवेला दोष देत होतो. पट्ट्यांच्या मागे झडपांवर लोकरीचं फेल्ट आणि चामडं असतं. वैशालीने लिहिलेल्या यादीत दोन्ही आहेत.

आत्ता वरची फळी उघडली. फेल्टच्या कडेला कातरल्यासारखं आणि दोन केसाळ काती. ही मात्र फ्रीझरमध्ये जाणार नाही, आधीच सांगतो. फेल्ट सगळं काढून नवीन बसवणार. तोवर तालमीला कुणाची तरी पेटी लागेल. त्याची वेगळी मेल करतो.

शरद

अप्पा, बुधवार रात्र

झरोक्यात घरटं आहे. शिडी लावून बघितलं. पिल्लं उडून गेलेली, रिकामं आहे. उद्या काढतो. खालच्या गालिच्याचा जो कोपरा कपाटाखाली जातो तिथेही केस झडलेत. घरात कुणालाच दिसलं नव्हतं.

गोळ्या दोन प्रकारच्या होत्या. पाकिटं ठेवली आहेत, निखिलने येऊन बघावं. वैशाली, डागाचं मनावर घेऊ नकोस.

माझा तळघरातला आडवा फ्रीझर रिकामा करतोय. थर्मामीटर उणे १९ दाखवतोय. साड्या आज रात्रीच आणा, मी जागा आहे. अकराच्या अकरा मावतील, तुरा वर ठेवू. मात्र यादी करून, सही करून द्यायच्या आणि सही करूनच न्यायच्या. मधे कुणीही 'एकदा बघू' म्हणून झाकण उघडायचं नाही. फ्रीझरलाही कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे राहील.

अप्पा

सुमेधा, बुधवार रात्र

निघाले. काल पेटी उघडी होती अप्पा, कडी मोडलीय. येताना स्क्रूड्रायव्हर आणते.