मुरुमांसाठी कोणते पथ्य पाळावे?

प्रश्न – शरयू, सातारा
माझ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या गालांवर आणि कपाळावर वर्षभरापासून मुरुमे येत आहेत. काही पू धरतात आणि बसल्यावर काळपट डाग मागे ठेवतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या मते ही अंगातील उष्णता आहे. त्यामुळे आंबा, अंडी, शेंगदाणे आणि तळलेले पदार्थ बंद करून त्याला रोज दोन पेले दूध व सब्जाचे पाणी सुरू केले आहे. उपवासाची साबुदाण्याची खिचडीसुद्धा त्याच्यासाठी कुटाशिवाय होते. इतके करूनही फरक दिसत नाही. आहाराचा आणि मुरुमांचा खरोखर संबंध आहे का?

प्रतिसाद – अनिरुद्ध
संबंध आहे, पण आपण पथ्य नेमके उलट बाजूने धरले आहे. चेहऱ्यावरचा तेलकटपणा कढईतून येत नाही. तो त्वचेतील तैलग्रंथींचा स्राव असतो आणि वयात येताना वाढणारी संप्रेरके तो वाढवतात. आहाराचा शिरकाव होतो तो इन्सुलिनच्या वाटेने. साखर, मैदा, शीतपेये यांनी रक्तातील साखर झपाट्याने चढली की इन्सुलिन आणि त्याच्याशी साधर्म्य असलेले आयजीएफ-१ हे द्रव्य वाढते, आणि या दोहोंमुळे तैलग्रंथी अधिक चेतवल्या जातात. २००७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १५ ते २५ वर्षांच्या ४३ तरुणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. रक्तशर्करा हळू वाढवणारा आहार घेणाऱ्यांची मुरुमे दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाली. मात्र त्यांचे वजनही घटले होते, त्यामुळे श्रेय आहाराला किती आणि वजनाला किती, हे वेगळे काढता येत नाही.

आता आपली खिचडी पाहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्याचे पचन जरा लांबवणारे प्रथिन आणि स्निग्धांश कुटातून मिळत होते, तेच आपण काढून टाकले. अंडी आणि शेंगदाणे रक्तातील साखर फारशी वाढवत नाहीत, ते खुशाल सुरू करावेत.

प्रतिसाद – मेघना
चॉकलेटचा मुरुमांशी संबंध नाही असे १९६९ च्या एका अमेरिकी प्रयोगाच्या आधारे वर्षानुवर्षे सांगितले गेले. त्यात ६५ जण होते आणि तुलनेसाठी दिलेल्या वडीत कोको नसला तरी साखर व स्निग्धांश जवळपास तितकेच होते. मग फरक दिसावा कसा? दुधाबद्दल सांगायचे तर, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी परिचारिकांच्या पाहणीत शालेय वयातील दूध आणि मुरुमे यांचा संबंध आढळला, आणि साय काढलेल्या दुधाच्या बाबतीत तो अधिक ठळक होता. ही माहिती अनेक वर्षांनी आठवून दिलेली असल्याने तो पुरावा ठरत नाही. तरीही मुरुमांवर उपाय म्हणून दूध वाढवण्यास आधार नाही, एवढे म्हणता येते. मुलगा व्यायामशाळेत जातो का?

शरयू
होय. तेथील प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून तो रोज व्हे प्रोटीनची भुकटी दुधात मिसळून घेतो. ती दुधापासूनच काढतात, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

प्रतिसाद – मेघना
मग पहिला बदल तोच करावा. ही भुकटी सुरू केल्यावर मुरुमे उसळल्याच्या आणि थांबवल्यावर ओसरल्याच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत. प्रथिनांसाठी अंडी, उसळी आणि डाळी आहेतच. बी-१२ची इंजेक्शने चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण काहींना त्यांनीही मुरुमांसारखे पुरळ उठते.

प्रतिसाद – अनिरुद्ध
एक पुस्ती जोडतो. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत, विशिष्ट आहाराची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असेच म्हटले आहे. पू होऊन डाग राहत असतील तर केवळ ताटात बदल करून थांबू नये. बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापेलीन यांसारखी लावायची औषधे तज्ज्ञांच्या सल्ल्याने लवकर सुरू करावीत आणि त्यांना दोन-तीन महिने द्यावेत. दुकानातून परस्पर आणलेले गोरेपणाचे क्रीम घरात असल्यास त्यावर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल लिहिले आहे का, ते वाचावे; ही स्टेरॉइडे असून त्यांच्यामुळेही चेहऱ्यावर मुरुमे येतात.