नोटाला २ लाख १८ हजार मतं पडली, पुढे काय?

रामबागकर: १३ मे २०२४ ला इंदुरात आईला घेऊन लोकसभेच्या मतदानाला गेलो होतो. काँग्रेसच्या उमेदवाराने २९ एप्रिलला, माघारीच्या अगदी शेवटच्या दिवशी, अर्ज मागे घेतलेला. आईचं बोट यादीवरून खाली खाली जात नोटाच्या, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'च्या काळ्या फुलीपाशी थांबलं. मताची छापील चिठ्ठी सात सेकंद यंत्राच्या काचेमागे दिसली आणि पडली. इंदुरात नोटाला २,१८,६७४ मतं. विजयी शंकर लालवानींना १२,२६,७५१, दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५१,६५९. त्याच्या चौपट लोक 'यातलं कुणी नको' म्हणाले, आणि ही मतं अनामत जप्तीच्या हिशेबातही धरत नाहीत! महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी आदेश काढला, नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. लोकसभेला का नको?

मुक्ता, स्नेहलतागंज: दादा, तो नियम इथे असता तरी काय झालं असतं? लालवानींना नोटाच्या पाचपटीहून जास्त मतं आहेत. त्या १२ लाखांचं मत रद्द करायचं का? आणि नोटा कशासाठी आला तेही बघा. पूर्वी ४९-ओ नियमाखाली 'मत द्यायचं नाही' म्हटलं की अधिकारी रजिस्टरात तसा शेरा लिहायचा, खोलीभर कळायचं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही नकाराची गुप्तता मिळवून दिली. मला ती फार मोलाची वाटते.

रामबागकर: गुप्तता हवीच, ताई. पण आई निकालाच्या दिवशी विचारत होती, "माझं मत कुठे धरलं?" काय सांगू तिला?

जुना वकील: नोटावर भांडू नका, दुखणं त्याच्या आधीचं आहे. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा काढा. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानाआधी वारला तर कलम ५२ प्रमाणे मतदान पुढे ढकलतात, पक्षाला नवा उमेदवार द्यायला सात दिवस मिळतात. उमेदवाराने माघार घेतली तर काहीच नाही. पक्षाने भरून ठेवलेला पर्यायी अर्ज तोवर छाननीतच बाद झालेला असतो, कारण पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर सही करणारा मतदार) पुरतो, पण अधिकृत उमेदवाराचा अर्ज वैध ठरला की पर्यायी माणूस अपक्षासारखा, त्याला दहा लागतात. सुरतेत तर त्याच वर्षी कलम ५३ लागलं, एकच उमेदवार उरला, मतदानच झालं नाही. तिथे नोटाचं बटणसुद्धा नशिबात नव्हतं.

मुक्ता, स्नेहलतागंज: काका, माघारीलाही सात दिवस दिलेत तर हरणारा पक्ष मुद्दाम आपल्या माणसाला माघार घ्यायला लावेल आणि निवडणूक लांबवेल. मरण कुणी ठरवून आणत नाही, माघार ठरवून घेता येते.

जुना वकील: हे बरोबर. मग दिवस वाढवूच नका. पर्यायी अर्ज छाननीत मारायचा नाही, माघारीची मुदत संपेपर्यंत जिवंत ठेवायचा.

मुक्ता, स्नेहलतागंज: एवढंच असेल तर माझी हरकत नाही. फेरनिवडणुकीला मात्र आहे.

रामबागकर: आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "पंजा यादीत असता तर मी खालपर्यंत गेलेच नसते."