उपवासकाळात सासूबाईंना रोज वाचून दाखवायला मराठीत काय घ्यावं?

निशापाळी

नमस्कार मंडळी. यंदा (2026) राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, 18 फेब्रुवारीला येतोय, म्हणून आत्ताच विचारून ठेवते.

मी माहेरची वसईची, आता पुण्यात. नर्स आहे, महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी असते. गेल्या वर्षी चाळीस दिवसांत येशूचं जीवन सांगणारी बायबलमधली चारही शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक, योहान) संपवायची असं ठरवलं होतं. एकूण 89 अध्याय, म्हणजे दिवसाला दोनाहून जास्त. मत्तयच्या तेराव्या अध्यायाशी अडकले. मागचं राहिलेलं साठत गेलं तसं पुस्तक उघडायचीच धास्ती वाटायला लागली, आणि झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा) आला तेव्हा मी तेराव्या अध्यायापाशीच होते.

या वर्षी कारण वेगळं आहे. डिसेंबरात सासरे गेले. संध्याकाळची जपमाळ तेच चालवायचे, आम्ही मागून म्हणायचो. आता सासूबाई क्रुसापुढे बसतात, पण त्यांच्याच्याने सुरुवात होत नाही. वय 74, मधुमेह आहे, डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही बारीक अक्षर दिसत नाही. परवा स्वतःच म्हणाल्या, "तू काहीतरी वाच गं, मी ऐकते."

तर रोज पंधरा मिनिटं, मोठ्याने वाचण्याजोगं, आणि मराठीतच हवं. इंग्रजी भक्तिपुस्तकं घरात आहेत, पण आईंची प्रार्थना मराठीत आहे, आणि विचार केला तर माझीही.

दुसरा प्रश्न उपवासाचा. आईंना चाळीसही दिवस एकवेळ जेवायचंय आणि मी नको म्हटलं की त्यांना वाईट वाटतं. आणि मी स्वतः काय सोडावं? मांस-मासे तर आम्ही दर वर्षीच सोडतो.

बावखल

ताई, सासऱ्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. प्रभू त्यांना चिरशांती देवो.

चार शुभवर्तमानांचा नाद सोडा, एकच घ्या. मार्क. सोळा अध्याय आहेत आणि दिवस चाळीस, म्हणजे एका अध्यायाला अडीच दिवस मिळतात. (बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर 46 दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वगळायचे, तेव्हा चाळीस होतात. त्यामुळे रविवारी मार्कला सुट्टी.) मार्क सर्वांत छोटा आहे आणि कानाला सर्वांत सोपा. लांब प्रवचनं कमी, प्रसंग भराभर येतात. एखादी म्हातारी बाई ओट्यावर बसून घडलेलं सांगतेय असं वाटतं.

भाषांतर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' घ्या. तेच दिब्रिटो जे 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांची वाक्यं बोलल्यासारखी आहेत, मोठ्याने वाचताना जीभ अडखळत नाही.

वाचायची पद्धत मठवासी भिक्षूंची जुनीच आहे. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या कार्थुसियन पंथातल्या मठाधिपतीने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवासमोर बसणं. घरात ती अशी करता येते. एक उतारा सावकाश वाचा. थोडं थांबा. तोच पुन्हा वाचा. मग आईंना विचारा, कुठला शब्द लागला? त्यांनी एक शब्द सांगितला की त्या दिवसाचं वाचन झालं. पुढे सरकलं नाही तरी चालेल. गेल्या वर्षी तुमच्यावर हिशेबाचं ओझं झालं होतं, ते यंदा घेऊ नका.

ओवीवेडा

मी ख्रिस्ती नाही. आमचं घर वारकऱ्यांचं, श्रावणात ज्ञानेश्वरीचं पारायण ऐकत वाढलो. पण मोठ्याने वाचायचं आणि तेही मराठीत म्हटल्यावर फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आला, तिथल्या साष्टीत राहिला आणि आपल्या ओवीत येशूचं अख्खं चरित्र रचलं. 1616 मध्ये ते राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं बंद झाली होती. मग आम्ही वाचायचं काय, असा प्रश्न त्यातलाच एक ब्राह्मण विचारतो, आणि त्या प्रश्नाला उत्तर म्हणून हा ग्रंथ उभा राहतो.

सुरुवातच ऐका:

वो नमो विश्वभरिता । देवा बापा सर्वसमर्था ।
परमेश्वरा सत्यवंता । स्वर्ग पृथ्वीच्या रचणारा ॥

आमच्या आजीने हे ऐकलं असतं तर हात जोडले असते. देवनागरी आवृत्ती घ्या, जिच्यात आजच्या मराठीत अर्थही दिलेला आहे. ग्रंथाच्या दुसऱ्या भागात शेवटाकडे येशूच्या दुःखसहनाचा भाग येतो, तो रोज पंधरा-वीस ओव्या. अर्थ आधी सांगायचा आणि मग ओव्या चालीवर म्हणायच्या.

जुनी पायवाट

ओवीवेडा दादा, तुम्ही इतक्या प्रेमाने लिहिलंत, पण मी थोडी वेगळ्या मताची आहे. ख्रिस्तपुराण थोर आहे, यात वादच नाही. पण ज्या बाईचा जोडीदार दोन महिन्यांपूर्वी गेलाय तिच्यापुढे चारशे वर्षांपूर्वीची अवघड भाषा पहिल्याच दिवशी ठेवू नये. दुःखात माणसाला नवीन शब्द पेलत नाहीत. जे लहानपणापासून तोंडात आहे तेच आधार देतं. माझे वडील गेले तेव्हा आईला फक्त "नमो मरिये" म्हणता येत होतं, बाकी काही नाही. सहा महिने आमच्या घरात तेवढीच प्रार्थना होती आणि ती पुरली.

म्हणून माझं सांगणं, बायबलमधल्या स्तोत्रांपासून सुरू करा. पश्चात्तापाची सात स्तोत्रं म्हणून चर्चने फार पूर्वीपासून वेगळी काढलेली आहेत: 6, 32, 38, 51, 102, 130 आणि 143. आठवड्याला एक. सातही दिवस तेच स्तोत्र, मार्कच्या आधी. आठवड्याच्या शेवटी ते आईंना पाठ झालेलं असेल, मग डोळे नसले तरी अडत नाही. चाळीस दिवसांत सहा होतात, सातवं ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आपोआप बसतं.

त्यातलं 130वं तर तुमच्यासाठीच आहे, ताई. खोल गर्तेतून मारलेली हाक आहे ती. आणि त्यात एक ओळ येते, की पहारेकरी पहाटेची जितकी वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो. पहाटे चारला वॉर्डात बसलेल्या नर्सला ही ओळ कुणी समजावून सांगायला नको.

तुमच्या स्वतःच्या साधनेसाठी क्रुसाची वाट सुचवते, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या एकेका प्रसंगावर, स्थानकावर, थांबून केलेली प्रार्थना. शुक्रवारी चर्चला जाणं जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर रोज, ड्युटीच्या दिवशीही, एक स्थानक, एवढंच. चौदा स्थानकं आहेत, चाळीस दिवसांत जवळजवळ तीन फेऱ्या होतात. पुस्तक लागत नाही. पाचव्या स्थानकावर शिमोन कुरेनेकर, शेतावरून घरी चाललेला, त्याला पकडून क्रूस उचलायला लावला. सहाव्यावर वेरोनिका. तिचं नाव शुभवर्तमानात नाही, परंपरेने जपलेलं आहे. घामाने आणि रक्ताने माखलेला येशूचा चेहरा तिने पुसला. तुम्ही हे काम रोज रात्री करता.

ओव्यांबद्दल एक राहिलं. आपल्या उत्तर कोकणातही असं पुराण आहे. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने 1659 मध्ये प्रभूच्या दुःखसहनावर रचलेलं. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी उपवासकाळात रात्रीची जेवणं आटोपली की ओटीवर पुराण लागायचं. एक जण म्हणायचा, बाकीचे ऐकत बसायचे. तुमच्या सासूबाईंनी कुणाकडून असं काही ऐकलेलं असेल तर त्यांना विचारून बघा. म्हणजे ओवीवेडा दादांचा सल्लाही वाया जाणार नाही, फक्त दार दुसरीकडून उघडेल.

ओवीवेडा

पटलं, ताई. आणि 1659 च्या पुराणाबद्दल मला माहीत नव्हतं. शोधतो.

सांजघंटा

उपवासाबद्दल लिहिते, कारण आमच्या घरी याच गोष्टीवरून एकदा आईला दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

चर्चचा नियम असा आहे: उपवास म्हणजे एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडंसं, हे बंधन फक्त राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी. तेही 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. मांस वर्ज्य करण्याचा नियम 14 वर्षं पूर्ण झाल्यावर लागतो, पण आजारी माणसाला त्यातूनही सूट आहे. म्हणजे तुमच्या सासूबाईंवर उपवासाचं बंधन गेली पंधरा वर्षं नाहीच. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन चाळीस दिवस एकवेळ जेवणं धोक्याचं आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण हे सुनेने सांगू नये. तुमच्या धर्मग्रामातल्या फादरना घरी बोलवा, कन्फेशनही होईल, आणि त्यांच्या तोंडून ऐकलं की त्या मानतील. आमच्या आईने मानलं होतं.

त्यांना काहीतरी द्यायचंय, ती इच्छा मात्र मोडू नका. राखेच्या बुधवारच्या शुभवर्तमानात (मत्तय 6) येशू तीन गोष्टी एका दमात सांगतो: दान, प्रार्थना, उपवास. आणि त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी यशयाचा 58वा अध्याय वाचतात, की मला आवडणारा उपवास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकरी देणं. आमची आई त्या वर्षापासून रोज स्वयंपाकाच्या आधी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकते. ईस्टरच्या आधी तो डबा चाळीतल्या एका कुटुंबाकडे जातो. तिचं जेवण तेवढंच राहिलं, पण रोज हाताने काहीतरी दिल्याचं समाधान तिला मिळतं.

तुम्हाला काय सोडावं विचारलंत. रात्रपाळीवरून आल्यावर झोपण्याआधी फोन हातात घेता का? मी घ्यायचे. गेल्या वर्षी तोच सोडला. मटण सोडण्यापेक्षा फार जड गेलं.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे उपवासकाळाला कोरेज्म म्हणतात. वाचनात भर घालत नाही, ऐकण्यात घालतो. इथल्या चर्चांत या दिवसांत मोतेत नावाची भक्तिगीतं गातात, लॅटिन आणि कोंकणी, व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या साथीने. जुन्या गोमंतकीय संगीतकारांच्या रचना आहेत. रेकॉर्डिंग मिळतात. सासूबाईंना शब्द कळले नाहीत तरी लावून बघा.

आणि सुट्टी मिळाली तर झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या सोमवारी, यंदा 23 मार्चला, गोवा वेल्ह्याला या. सांत आंद्रे चर्चमधून संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. मी लहानपणी बाबांच्या खांद्यावरून पाहिली आहे.

बावखल

एक सांगायचं राहिलं. यंदा चर्चमधल्या रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं 'अ' वर्ष आहे. 8, 15 आणि 22 मार्चला योहानचे 4, 9 आणि 11 हे अध्याय मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) येतील: विहिरीवरची शमरोनी बाई, जन्मांध माणूस, आणि मेल्यावर येशूच्या हाकेने कबरीतून बाहेर येणारा लाजरस. आदल्या शनिवारी घरी वाचून ठेवा. लाजरसच्या वेळी आईंच्या जवळ बसा.

निशापाळी

सर्वांचे मनापासून आभार. आज 24 मार्च, जरा उशिराच लिहितेय.

फादर घरी येऊन गेले. आईंनी त्यांचं ऐकलं, आता तांदळाचा डबा आहे. मूठ भरताना सासऱ्यांचं नाव घेतात. फोन मी सोडलाय, तीन वेळा मोडलं.

स्तोत्र आणि मार्क असं चाललंय. आम्ही बरेच मागे आहोत, नवव्या अध्यायात. पण या वेळी त्याचं काही वाटत नाही. पुराणाचं विचारलं तेव्हा आई म्हणाल्या, त्यांचे आजोबा गायचे, शब्द आठवत नाहीत. मग चाल गुणगुणून दाखवली.

गेल्या शनिवारी योहान 11 वाचला. "येशू रडला" इथे आल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "थांब." लाजरस त्या दिवशी बाहेर आलाच नाही, आम्ही तिथेच बसून राहिलो. रविवारी मिस्सेत पुढचं ऐकलं. आणि काल संध्याकाळी जपमाळ त्यांनी स्वतः सुरू केली.

एक प्रश्न आहे. पवित्र शनिवारी मार्क कुठे थांबवू?

बावखल

मागे पडलात तरी ते दिवस मोजू नका. पवित्र आठवड्यात सरळ 14 आणि 15 वर या. शनिवारी पंधराव्याच्या शेवटी थांबा. कबरीच्या तोंडावर धोंड लोटलेली आहे आणि येशूला कुठे ठेवलंय ते दोन बाया पाहून ठेवतात, तिथे. सोळावा रात्रीच्या जागरणाच्या मिस्सेहून घरी आल्यावर वाचा, कितीही वाजले असले तरी.