मदत हवी आहे : सीरियल किलरच्या पटकथेसाठी पोलीस तपासाची माहिती

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावची काही मुलं एका क्राइम थ्रिलरची पटकथा लिहितोय. खुनी एकच, पण मृतदेह कधी निपाणीत सापडतो, कधी हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, कागलला. त्याचा माग काढणारी प्रोफायलर, म्हणजे गुन्ह्याच्या पद्धतीवरून गुन्हेगाराचा स्वभाव ताडणारी तज्ज्ञ, खानापूरची.

कल्पना सुचली कर्नाटकातल्या सायनाइड मोहन या सीरियल किलरच्या प्रकरणावरून. बायकांचे मृतदेह वेगवेगळ्या गावांच्या बसस्टँडवरच्या शौचालयांत सापडत गेले, ठाण्याठाण्यात वेगळी नोंद झाली आणि धागा जुळला तो थेट २००९ साली. एकाच राज्यात ही गत! इथे तर एका बाजूचे कागद कन्नडमध्ये, दुसरीकडचे मराठीत. मला खरा थरार यातच दिसतो, पाठलागात नाही.

एफबीआयने १९७२ मध्ये गुन्हेगारांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी वेगळा विभाग काढला. आपल्याकडे हे काम नेमकं कोण करतं? मानसशास्त्रज्ञाला पोलीस कोणत्या टप्प्यावर बोलावतात? आणि दोन राज्यांतले खून एकाच माणसाचे वाटले, तर तपास कुणाकडे जातो? हा शेवटचा प्रश्न सुटल्याशिवाय आमचा मध्यंतरानंतरचा भाग पुढे सरकत नाही.

कुणी निवृत्त पोलीस, वकील किंवा फॉरेन्सिकमधले असाल तर कृपया सांगा. कन्नडमध्ये लिहिलंत तरी चालेल, आम्हाला वाचता येतं.